बग्गीची फ्रेम पावडर कोटिंगला टाकायची आहे, आधी काय काय करून न्यावं? (नागपूर)

चौथा_गिअर
नमस्कार मंडळी. ऑफ-रोड बग्गीची पाइपची फ्रेम पावडर कोटिंगला (विजेने कोरडी पावडर चिकटवून भट्टीत भाजतात ते) द्यायची आहे. तपशील असा:

मुख्य पाइप ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मोलिब्डेनमचं पोलाद), बाहेरचा व्यास ३१.७५ मिमी, जाडी १.६५ मिमी, सगळा मिळून १८ मीटर. दुय्यम पाइप २५.४ मिमी, जाडी १.२ मिमी, साधारण २० मीटर. काही सांधे टिग वेल्डिंगचे, काही मिग वेल्डिंगचे. सस्पेन्शनचे टॅब (भाग बोल्टने जोडायच्या पट्ट्या) ४ मिमी पत्र्याचे, लेझर कट. फ्रेमची लांबी २१०० मिमी, उंची १२५०.

काम हिंगणा एमआयडीसी नाहीतर बुटीबोरीला होईल. तिथे विचारलं तर "आणून टाका, सात टाक्यांतून काढून मारून देतो" असं उत्तर मिळून राहिलं आहे. आपण घरून काही करून न्यायचं की नाही? मास्किंग कुठे, पावडर किती, आणि पावसाळ्यात काम करावं का, हेही सांगा.

भट्टीवाला
भाऊ, सात टाक्यांची पद्धत (तेल काढणं, ॲसिड, फॉस्फेट, मधे मधे धुणं) वाईट नाही, पण ती आलमारी, पॅनेलचा डबा, खिडकीची ग्रिल यांच्यासाठी आहे. पत्र्याला आत-बाहेर असं वेगळं काही नसतं, ॲसिड लागलं तसं धुऊन निघतं. पाइपच्या फ्रेमला आत असतं. तुमच्या ३८ मीटर पाइपात जिथे वेल्डमध्ये सुईएवढी फट राहिली असेल तिथून डिग्रीझर आत जाईल, मग ॲसिड, मग फॉस्फेट. ते पुढच्या टाकीत धुतलं जात नाही, फटीतून पाणी आत फिरतच नाही. भट्टीत तापलं की तेच द्रव त्याच फटीतून उकळत बाहेर येतं आणि वितळलेल्या पावडरीत फोड, खड्डा किंवा तपकिरी ओघळ करून ठेवतं. कधी लगेच दिसत नाही, दोन महिन्यांनी सांध्याजवळ गंज गळायला लागतो.

म्हणून पाइपच्या फ्रेमला माझं मत सरळ आहे: टाकीत बुडवू नका. तेल काढा, ब्लास्टिंग करा (हवेच्या दाबाने खरखरीत दाणे, म्हणजे ग्रिट, मारून साफ करणं), कोरडी भाजा, मग पावडर. ब्लास्टिंग नीट झालं तर गंज काढायच्या ॲसिडची गरजच उरत नाही. फॉस्फेटचा थर हवाच असेल तर स्प्रेने किंवा पुसून लावायचं आयर्न फॉस्फेट मिळतं, ते चालतं.

टाकीतच टाकायची वेळ आली तर दोनच मार्ग. एक तर प्रत्येक पाइप पूर्ण बंद, हवा दाबून साबणाच्या फेसाने तपासलेला. नाहीतर प्रत्येक पाइपला खाली आणि वर दोन्हीकडे भोकं, पाणी एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल अशी. मधलं काही चालत नाही. अर्धवट बंद फ्रेम सगळ्यात वाईट.

मायक्रॉन
भट्टीवाले दादांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो.

पूर्ण बंद पाइपातली नुसती हवा ३० अंशांवरून २०० अंशांवर गेली तर दाब सुमारे दीडपट होतो. त्याने काही बिघडत नाही. पण आत पाणी असेल तर गणित बदलतं. ३१.७५ × १.६५ च्या एक मीटर पाइपात आतली जागा साधारण ६३५ मिली. तेवढी जागा २०० अंशांच्या वाफेने भरायला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी पुरतं, आणि दाब वातावरणाच्या १५ पट होतो. पाइप फुटणार नाही, पोलादाला हा दाब काहीच नाही. पण वेल्डमध्ये एक पिनहोल (सुईएवढं भोक) असलं तर सगळी वाफ तिथूनच सुटणार, आणि ती नेमकी पावडर वितळून पातळ असताना सुटते.

त्यामुळे टाकीत बुडवणार नसाल तर, पाइप बंद असले तरी ३ मिमीचं एक भोक प्रत्येक बंद पोकळीला द्या. खालच्या बाजूला, वाकण आणि सांध्यापासून दूर, ताण कमी असेल तिथे. पाइपला पाइप जोडताना आतल्या टोकाला, सांध्याच्या तोंडात, आधीच भोक पाडलेलं असेल तर सगळ्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बाहेर दोन-तीन भोकं पुरतात. बाहासाठीची (विद्यार्थ्यांची बग्गी स्पर्धा) फ्रेम असेल तर पाइपची जाडी मोजायच्या भोकाचं माप आणि जागा नियमपुस्तकात असते. तेच भोक हवेसाठीही उपयोगी पडतं. पावडर मारल्यावर भोकाच्या काठावरचा थर मात्र खरवडावा लागतो, नाहीतर मापात फरक येतो.

टिगताई
वेल्डिंगकडे आधी बघा. पावडर हा शेवटचा थर आहे, त्यानंतर एक टॅबसुद्धा लावता येत नाही. म्हणून फ्रेम पाठवायच्या आधी गाडी पूर्ण जोडून पाहायची: इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक, पेडल, सीट, पट्ट्यांचे माउंट, अग्निशामकाचा ब्रॅकेट, ब्रेकच्या नळीचे क्लिप, वायरिंगच्या पट्ट्यांना टॅब, बॉडी पॅनेलचे टॅब, नंबरप्लेटचा टॅब. शेवटचे चार नेहमी विसरतात.

मिगच्या वेल्डची दोरी निरखून पाहा. तिच्यावर तपकिरी, काचेसारखे चपटे ठिपके दिसतात. ते सिलिकेट आहे. तारेत सिलिकॉन असतं (७०एस-६ तारेत जास्तच), ते वर येऊन काच होतं. ते वीज वाहत नाही, फॉस्फेट धरत नाही, आणि पावडर त्याच्यावर बसली तरी पहिल्या दगडासरशी काचेसकट उडते. साध्या तारेच्या ब्रशने ते चमकतं, निघत नाही. छिन्नीचं टोक, सुयांचा स्केलर किंवा ब्लास्टिंग, या तिन्हींपैकी काहीतरी लागतंच. टिगच्या सांध्याला हा त्रास जवळपास नसतो.

स्पॅटरचे (वेल्डिंगच्या वेळी उडून चिकटलेल्या धातूचे) दाणे छिन्नीने उडवा, राहिलेलं ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने. पण वेल्डची दोरी सपाट करू नका. दिसायला गुळगुळीत होते आणि सांध्याची जाडी जाते. १.२ मिमीच्या पाइपावर डिस्क दोन सेकंद जास्त थांबली तर पाइपच पातळ होतो.

अजून एक, अँटी-स्पॅटर स्प्रे. सिलिकॉनवाला वापरला असेल तर पावडरीत माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि ते सिलिकॉन ब्लास्टिंगनेही सहज जात नाही. शेवटच्या टप्प्यात स्प्रे बंदच ठेवा. त्याच कारणाने शॉपमध्ये सिलिकॉनचा डॅशबोर्ड पॉलिश, बेल्ट स्प्रे, टायर शाइन असं काही जवळपास फवारू नका.

चौथा_गिअर
ताई, काही ठिकाणी मिगच्या दोरीत पिनहोल आहेत. पुट्टीने भरले तर?

टिगताई
गाडीच्या दुकानातली पॉलिस्टर पुट्टी अजिबात नाही. २०० अंशांवर ती फुगते, भेगाळते, आणि वीज वाहत नसल्याने तिच्यावर पावडर नीट ओढली जात नाही. पिनहोल म्हणजे तिथे खाली पोकळी आहे असं समजा. ग्राइंडरने उघडून टिगने पुन्हा भरा. जिथे ताकदीचा प्रश्न नाही, नुसता खड्डा दिसतो, तिथे जास्त तापमान सोसणारी धातूमिश्रित पुट्टी मिळते. पण पाइपच्या फ्रेमवर तिची गरज पडली तर काम कुठेतरी चुकलंय. शिशाचं डाग देणं विसराच, भट्टीत वितळून खाली पडेल. पितळी ब्रेझिंग चालतं.

पाना_तेरा
कडा. लेझर कट टॅबच्या कडा सुरीसारख्या असतात. पावडर वितळली की पृष्ठताणामुळे कडेवरून मागे सरकते आणि तिथे थर १५-२० मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) येतो. गंज तिथूनच सुरू होतो. प्रत्येक कड कानशीने किंवा फ्लॅप डिस्कने १ ते २ मिमी गोल करा. ऑक्सिजनने कापलेली लेझर कड असेल तर तिच्यावर निळसर-काळा ऑक्साइडचा थर असतो, तोही काढायचा, नाहीतर पावडर त्या थरासकट सोलून निघते.

मास्किंगचं सविस्तर सांगतो, कारण कोटिंग उत्तम होऊनही बहुतेक बग्ग्या इथेच मार खातात.

सस्पेन्शनच्या टॅबच्या आतल्या दोन्ही बाजू, जिथे बुशची स्लीव्ह घासते, आणि बाहेरच्या दोन्ही बाजू, जिथे बोल्टचं डोकं आणि नट बसतो, अशा चार पृष्ठभागांवर पावडर ठेवायची नाही. प्रत्येकी ७० मायक्रॉन धरले तर चार थर मिळून ०.२८ मिमी. आता ८.८ दर्जाचा एम१० बोल्ट, पकडीची लांबी ४० मिमी: नीट टॉर्क दिल्यावर तो जेमतेम ०.०८ मिमी ताणला जातो. म्हणजे पावडर तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी दबली की बोल्टचा ताण संपला. नायलॉक नट जागेवरच असतो, गळून पडत नाही, पण टॅब आणि स्लीव्ह घासू लागतात आणि भोक अंडाकृती होतं. मग दोष बोल्टला.

सीटबेल्टचे माउंट, स्टिअरिंग रॅक, इंजिन माउंट, ब्रेक कॅलिपर, पेडल बॉक्स यांनाही हाच नियम. बॉडी पॅनेलच्या टॅबला नको, तिथे पावडर राहू द्या.

भोकं: १०.२ मिमीचं भोक दोन्हीकडून ७० मायक्रॉन चढून १०.०६ होतं, आणि काठाला थर जाड असतो, म्हणून एम१० बोल्ट अडतो. नंतर ड्रिल मारून मोकळं केलं की काठाची पावडर टवके होऊन उडते. शंकूच्या आकाराचे सिलिकॉन प्लग घाला.

वेल्ड केलेले नट: सिलिकॉनचा ओढायचा प्लग किंवा जुना बोल्ट. बोल्ट घातला तर कोरडा घाला. ग्रीस लावलं की ते तापून आट्यांतून वाहतं आणि नटाभोवती एक वर्तुळ पावडरविना राहतं.

चौथा_गिअर
टेप कोणती? मास्किंग टेप म्हणून पेंटच्या दुकानात पिवळी कागदी मिळते ती?

पाना_तेरा
नाही. ती जळून चिकट राळ होते आणि काढायला सॉल्व्हंट लागतं. हिरवी पॉलिस्टर टेप घ्या, ती २०० अंशांपर्यंत काम देते. बेअरिंगच्या जागेसारख्या मोजक्या ठिकाणी कॅप्टॉन टेप (पॉलिइमाइडची), ती २६० पर्यंत टिकते. टॅबसाठी गोल कापलेल्या टिकल्याही मिळतात, वायसरच्या व्यासापेक्षा २ मिमी मोठ्या घ्या. फ्रेम हाताला सोसेल इतकी कोमट असताना, कड ब्लेडने हलकी चिरून टेप ओढायची. पूर्ण गार झाल्यावर ओढली तर पावडरीची कड फाटते.

अर्थिंगचे बिंदू विसरू नका: बॅटरीची ऋण तार, इंजिनची अर्थ पट्टी, किल स्विच. प्रत्येकी १५-२० मिमी व्यासाची उघडी जागा. जोडणी झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली.

भट्टीवाला
आता क्रम लिहितो. यात उलटसुलट केलं की पैसे वाया.

पहिलं काम तेल. पाइपवर कारखान्यातलं गंजरोधक तेल असतं, वाकवताना लावलेलं वंगण असतं, भोकं पाडतानाचं कटिंग ऑइल असतं. तेलकट फ्रेमवर ब्लास्टिंग केलं की ग्रिट ते तेल धातूत ठोकून बसवतं, आणि ग्रिट पुन्हा पुन्हा फिरत असेल तर पुढच्या सगळ्या कामांना तेल लागतं. म्हणून आधी अल्कलीवाला डिग्रीझर, गरम पाण्यात, नायलॉनच्या ब्रशने, सांध्यांच्या कोपऱ्यात घासून. मग भरपूर पाणी. पाइपला हवेची भोकं असतील तर धुताना त्यांच्यात खुंट्या मारून ठेवा. मग वाळवा. मग सॉल्व्हंटने पुसा, दोन चिंध्यांनी: एक भिजलेली, मागोमाग दुसरी कोरडी. एकाच चिंधीने पुसलं तर तेल निघत नाही, पसरतं. कापड पांढरं, जुनं, धुतलेलं. बारदाना वापरू नका, तागाच्या धाग्याला कारखान्यात तेल लावलेलं असतं आणि तंतूही सुटतात.

नागपूरचा मे महिना असेल तर हे पुसायचं काम सकाळी सावलीत. उन्हात तापलेल्या पाइपावर सॉल्व्हंट चिंधी फिरायच्या आतच उडतं आणि तेल होतं तिथेच राहतं.

तेल गेलं की नाही ते पाहायला पाणी शिंपडा. पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर पुन्हा पुसा.

दुसरं, ब्लास्टिंग. आट्यांना, बेअरिंगच्या घरांना आणि हवेच्या भोकांना आधी झाकण. हवेची भोकं का, तर ग्रिट आत गेलं की ते भट्टीतल्या पंख्याच्या हवेने बाहेर येऊन वितळलेल्या पावडरीवर बसतं. साफ काळा दाणेदार पट्टा दिसतो. ब्लास्टिंगनंतर फ्रेम उलटीपालटी करून आपटा, भोकातून हवा मारा.

माध्यम गार्नेट किंवा तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड. स्टील ग्रिट असेल तर बारीक. कन्हानची रेती बांधकामाला ठेवा, ब्लास्टिंगला नको. तिच्यातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही. दाब १.२ मिमीच्या पाइपाला (चौरस सेंटीमीटरला) ४ किलोच्या आसपास, मुख्य पाइपाला ५-६ किलो. नोझल एकाच जागी धरून ठेवायचं नाही. ॲल्युमिनियमचं फ्लोअर, फायरवॉल यांचा पातळ पत्रा ब्लास्टिंगला देऊच नका, परातीसारखा फुगतो.

मायक्रॉन
किती ब्लास्ट झालं की पुरे, हे शॉपला शब्दांत सांगू नका. "एसए अडीच" म्हणा. आयएसओ ८५०१-१ मधली ती पायरी आहे. मिल स्केल (कारखान्यातला काळा ऑक्साइडचा थर), गंज, जुना रंग सगळा गेलेला, नुसत्या फिकट छटा उरल्या तर चालतं. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ४० ते ६० मायक्रॉन ठेवा. जाड ग्रिटने तो ९०-१०० वर गेला तर ७० मायक्रॉनची पावडर दऱ्या भरते आणि शिखरं उघडी राहतात. महिन्याभरात टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके दिसू लागतात आणि दोष पावडरच्या कंपनीवर जातो.

ब्लास्ट झालेली फ्रेम उघड्या हाताने धरायची नाही, घामातलं मीठ बोटांच्या ठशासकट नंतर वर येतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती नको, ते तेल शोषून पुढे लावतात.

चौथा_गिअर
पावसाळ्याचं काय? जुलै-ऑगस्टमध्येच फ्रेम तयार होऊन राहिली आहे.

भट्टीवाला
ब्लास्ट झालेलं पोलाद म्हणजे उघडी जखम. नोव्हेंबर ते मे आपल्याकडे हवा कोरडी, चार तासांत पावडर चढली तरी चालून जातं. जुलैत तास-दीड तासात सोनेरी-तपकिरी झाक येते. ती झाक म्हणजे गंजच, तिच्यावर पावडर मारायची नाही.

म्हणून ब्लास्टिंग आणि पावडर एकाच आवारात असलेली जागा शोधा. हिंगण्यात ब्लास्ट करून छोट्या हत्तीत टाकून वर्धा रोडने बुटीबोरीला नेली तर पाऊस नसला तरी दमट हवेतच फ्रेम पिवळी पडून पोचते. प्लास्टिकमध्ये गुंडाळणं त्याहून वाईट, आत घाम सुटतो. पर्याय नसेल तर ब्लास्ट करणाऱ्याकडेच आयर्न फॉस्फेट मारून वाळवून घ्या, थोडा वेळ मिळतो. स्वच्छ सुती चादर, वरून ताडपत्री, हवा खेळती.

कंप्रेसरची हवा हा दुसरा चोर. पावसाळ्यात टाकीत पाणी भरभर साठतं. पांढरा कागद नोझलपुढे धरून मिनिटभर हवा सोडा. ओला किंवा तेलकट डाग पडला तर आधी ड्रेन आणि फिल्टर बघा, मग ब्लास्टिंग.

मायक्रॉन
मोजायचं साधन असेल तर नियम सोपा: धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त, आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. पहाटे गार पडलेली फ्रेम सकाळच्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर न दिसणारा ओलावा बसतो. दुपारी ब्लास्ट करा.

वऱ्हाडी_बोल्ट
सगळं वाचलं. पण मुळात पावडर काहून? स्पर्धेच्या बग्गीला तपासणीत एखादा टॅब वाढवायला सांगितला तर पावडर जाळून वेल्ड करावं लागतं. दोन पॅकचा (हार्डनर मिसळायचा) एपॉक्सी प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारा. घासा, वेल्ड करा, पुन्हा मारा. भट्टी नको, टेप नको. शिवाय जाड पावडरीखाली पडलेली वेल्डची भेग दिसत नाही. पीयू पातळ असतो, भेग पडली की तोही तडकतो.

टिगताई
वेल्डची भेग दिसत नाही हा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय रंगाचा. काळा टेक्सचर दिसायला छान, वेल्डचे दोषही लपवतो, आणि भेगही लपवतो. फिकट राखाडी किंवा पांढरा घेतला तर भेगेतून गंजाची तपकिरी रेघ लगेच दिसते. थरही ६०-८० मायक्रॉनच ठेवायचा, १५० नाही.

नंतर वेल्ड करायची वेळ आली तर जागेपासून ५० ते ७५ मिमीपर्यंत पावडर पूर्ण काढा. नुसती वेल्डच्या जागेची काढली तर बाजूची जळून धूर होतो, तो धूर वेल्डमध्ये पोकळ्या करतो, आणि तोंडावर घ्यायलाही वाईट. नंतर तिथे दोन पॅकचा प्रायमर आणि त्याच आरएएल नंबरचा (छटेचा ठरलेला क्रमांक) पीयू.

वऱ्हाडी_बोल्ट
फिकट रंगाचं पटलं. पण पहिल्या वर्षीची गाडी, बदल व्हायचेच असतील, तर मी अजूनही पीयूच म्हणीन.

पाना_तेरा
ते बरोबर आहे. डिझाइन गोठलं नसेल तर पावडर नको.

चौथा_गिअर
डिझाइन पक्कं आहे, गाडी जोडून झाली आहे. पावडर किती लागेल आणि कोणती?

मायक्रॉन
क्षेत्रफळ काढू. १८ मीटर × ३१.७५ मिमी व्यास = साधारण १.८ चौरस मीटर. २० मीटर × २५.४ = १.६. टॅब, गसेट (सांध्याच्या मजबुतीच्या पट्ट्या), प्लेट मिळून अर्धा धरा. एकूण ४ च्या आत. पावडरचं विशिष्ट गुरुत्व १.५ आणि थर ७० मायक्रॉन धरला तर चौरस मीटरला १०५ ग्रॅम, म्हणजे फ्रेमवर बसणारी पावडर ४२० ग्रॅम. पण बारीक गोल पाइपावर बरीच पावडर बाजूने उडून जाते. ४० टक्के बसते असं धरा. म्हणजे एक किलोच्या थोडी वर. शॉपकडे तुमची छटा शिल्लक नसेल तर दोन किलो विकत घेऊन द्या, दुरुस्तीला उरेल. भाव ठरवताना फ्रेमच्या आकारमानावर नाही, या चौरस मीटरवर बोला.

प्रकार: बाहेर उन्हात राहणाऱ्या गाडीला शुद्ध पॉलिस्टर. एपॉक्सी-पॉलिस्टर हायब्रिड स्वस्त असतं, आलमारीला तेच वापरतात, पण नागपूरच्या उन्हात त्याची चमक जाऊन वर खडूसारखी पूड येते. दगडांचा मार जास्त असेल तर खाली झिंकयुक्त एपॉक्सी पावडर प्रायमर. प्रायमर पूर्ण भाजायचा नाही, डेटाशीटमध्ये दिलेल्या अर्ध्या भाजणीवर बाहेर काढून वरचा थर मारायचा. पूर्ण भाजला तर वरचा थर त्याला नीट धरत नाही, सालासारखा सुटतो. दोन थरांचं वजन मिळून किलोच्या आत राहतं.

भट्टीवाला
जाण्याआधी भट्टीचं दार मोजून या. आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्या साडेसहा फुटी आलमारी डोळ्यासमोर ठेवून बांधलेल्या असतात. तुमची फ्रेम २१०० मिमी, म्हणजे उभी टांगली तर हुकासकट २३०० लागतील. आडवी घातली तर खोली पुरते का पाहा. बूथमधून भट्टीत नेताना दाराला एक घासा लागला की तिथली कोरडी पावडर गेली.

टांगायचे बिंदू तुम्हीच ठरवून द्या. इंजिन माउंटच्या मास्क न केलेल्या भोकात हुक, किंवा खालून दिसणार नाही असा टॅब. हुकाची टोकं घासलेली हवीत. जुन्या पावडरीने माखलेल्या हुकातून अर्थिंग होत नाही, मग पावडर ओढली जात नाही आणि मारणारा गनचा दाब वाढवत बसतो.

चार-पाच पाइप एकत्र येतात त्या कोपऱ्यात पावडर शिरत नाही, विजेचं क्षेत्र बाहेरच्या पाइपांवरच अडतं. तिथे आधी मारायचं, व्होल्टेज ४०-५० केव्हीवर आणून, हवा कमी करून. मग बाहेरचं नेहमीच्या सेटिंगवर. उलट केलं तर कोपरे उघडे आणि पाइप जाड. जाड झालं की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो, आणि संत्रानगरी असली म्हणून ते काही शोभत नाही.

पावडरीआधी एक कोरडी भाजणी सांगाच: मास्किंग करण्यापूर्वी, उघडी फ्रेम २१०-२२० अंशांवर २०-३० मिनिटं. आतलं तेल, ओलावा, जे काय निघायचं ते तेव्हाच निघतं. सांध्यांतून तेल गळलेलं दिसलं तर तेवढी जागा पुसून, घासून घ्या. मग फ्रेम ५० अंशांच्या खाली येऊ द्या. गरम फ्रेमवर मारली तर पावडर तिथेच वितळून थरावर थर बसतो.

चौथा_गिअर
भाजणीने ४१३० ची ताकद कमी होते का?

टिगताई
२०० अंशांनी ४१३० किंवा साध्या पोलादाला काही होत नाही. पण ॲल्युमिनियमचे नकल, हब, ६०६१-टी६ चे भाग भट्टीत देऊ नका, त्यांना ताकद देणारं तापवणंच (एजिंग) १६०-१८० अंशांच्या आसपास होतं, वारंवार तापवले की मऊ पडतात. स्प्रिंग आणि १०.९, १२.९ चे बोल्ट ॲसिडच्या टाकीत अजिबात नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताण आला की ते न सांगता तुटतात. रबर बुश, रॉड एंड, बेअरिंग, स्टिकर, प्लास्टिकचे बूच सगळं काढलं का, एकदा हात फिरवून बघा.

मायक्रॉन
घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका. भाजणी म्हणजे धातू १८०-२०० अंशांवर पोचल्यानंतरची १० मिनिटं, किंवा डेटाशीट म्हणेल ती. भट्टीच्या काट्यावर २०० दिसल्यापासून नाही. ४ मिमीचे टॅब पातळ पाइपापेक्षा उशिरा तापतात.

जाडी मोजायचं मीटर मागा: पाइपाच्या चारही बाजू, कोपऱ्याचा सांधा, टॅबची कड. ६० ते ८० चांगलं, कोपऱ्यात ४५ आलं तर तक्रार करण्यासारखं. मग न दिसणाऱ्या जागी एमईकेने (एक सॉल्व्हंट) भिजवलेली कापडी बोंडी २५-५० वेळा मागे-पुढे घासा. रंग कापडाला थोडा लागला तर चालतं. पृष्ठभाग मऊ होऊन चिकटला तर भाजणी कच्ची आहे. कच्ची पावडर पहिल्याच दगडाला टवका देते. ती पुन्हा भट्टीत घातली तर बहुधा सुधारते, म्हणून फ्रेम घरी नेण्याआधीच हे करा.

चौथा_गिअर
शेवटचं. हवेची भोकं उघडी राहणार, आत गंज येईल ना? कुठेतरी वाचलं की आत तेल ओततात.

भट्टीवाला
ओततात, पण पावडर झाल्यानंतर. आधी ओतलं तर भट्टीत सगळं बाहेर. उकळलेलं जवसाचं तेल, तेच जे विमानांच्या पाइपच्या सांगाड्यात घालत आले आहेत. जवस आपल्या विदर्भातलंच, पण किराणा दुकानातलं खायचं तेल नको, ते वाळायला फार वेळ घेतं. रंगाच्या दुकानात मिळतं ते घ्या. पाइपच्या प्रत्येक पोकळीत ३०-४० मिली सिरिंजने सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, मग भोकं खाली करून रात्रभर निथळू द्या. दुसऱ्या दिवशी भोकांना रबरी बूच. जाडी तपासायचं भोक तपासणी होईपर्यंत उघडं ठेवा.

आणि ज्या चिंध्यांनी ते तेल पुसाल त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, गोळा केलेला बोळा आपोआप पेट घेतो. उघड्या हवेत एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.